एडविन फिशर यांचा बाख : १९३३ ते १९३६ ची पियानो-ध्वनिमुद्रणे आज ऐकताना

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार जोहान सेबास्टियन बाख याच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’चे दोन्ही भाग पियानोवर संपूर्ण ध्वनिमुद्रित झाले ते पहिल्यांदा स्विस पियानोवादक एडविन फिशर यांच्या हातून. १९३३ ते १९३६ या काळात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत एच.एम.व्ही. कंपनीसाठी त्यांनी हे काम पुरे केले. बारा मेजर आणि बारा मायनर स्केल, प्रत्येकात एक प्रेल्यूड (मोकळ्या घडणीची प्रास्ताविक रचना) आणि एक फ्यूग (एकाच विषयावर अनेक ओळी गुंफलेली रचना), आणि असा फेरा दोनदा. एकूण ४८ जोड्या होतात आणि सलग ऐकायला सुमारे चार तास लागतात. मूळ तबकड्यांवरून पुढे एलपी निघाल्या, नंतर सीडी आल्या, आणि आता हे वादन इंटरनेटवरही सहज ऐकायला मिळते. ईएमआयने ते तीन सीडींत काढले होते. नॅक्सॉसच्या ऐतिहासिक मालिकेत ते दोन स्वतंत्र संचांत आहे, एका संचात एक भाग. पाश्चात्त्य संगीत नुकतेच ऐकू लागलेल्या मराठी रसिकाने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या या ढिगातून सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि माझे उत्तर फिशर हेच असते. अचूकपणाच्या कसोटीवर हे वादन नंतरच्या कित्येकांच्या मागे पडेल. पण पियानोला गायला लावून बाखची एकेक ओळ वेगळी ऐकवण्याचे काम फिशर यांना जसे साधले, तसे त्यांच्यानंतर फार थोड्यांना साधले आहे.

हे वादन नीट ऐकायचे तर ते कोणत्या परिस्थितीत झाले, हे ठाऊक असायला हवे. त्या काळी चुंबकीय फीत स्टुडिओत आलेली नव्हती. वादन थेट मेणाच्या तबकडीवर कोरले जाई, आणि बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपेक्षा जास्त संगीत मावत नसे. मध्ये चूक झाली तर ती बाजू पहिल्यापासून पुन्हा वाजवायची, किंवा चुकीसकट ठेवून द्यायची, एवढेच दोन मार्ग होते. आजच्यासारखे तुकडे जोडून निर्दोष वादन तयार करण्याची सोय नव्हती. खर्चाचाही प्रश्न होताच. बाखच्या ४८ प्रेल्यूड-फ्यूगना मोठे गिऱ्हाईक मिळणे शक्य नव्हते, म्हणून एच.एम.व्ही.ने त्यासाठी ‘सोसायटी’ स्थापन केली. रसिकांनी आगाऊ वर्गणी भरायची आणि संच जसजसे तयार होतील तसतसे ते त्यांना मिळायचे, अशी ही योजना होती. १९३१ मध्ये वॉल्टर लेग यांच्या पुढाकाराने ह्यूगो वुल्फ या संगीतकाराच्या गीतांसाठी तिची सुरुवात झाली, त्यानंतर पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी बेथोव्हनचे सर्व पियानो-सोनाटा याच पद्धतीने ध्वनिमुद्रित केले, आणि त्या पाठोपाठ फिशर यांचा बाख आला.

त्याआधीची स्थिती पाहिली म्हणजे या कामाचा आवाका कळतो. फेरुच्चो बुझोनी यांनी १९२२ मध्ये लंडनमध्ये कोलंबिया कंपनीसाठी या ग्रंथातील पहिली जोडी, सी मेजरची, वाजवून ठेवली होती. तो काळ मायक्रोफोनच्या आधीचा, कर्ण्यात वाजवण्याचा होता, आणि त्या तबकडीवर पियानोचा आवाज दाराआडून आल्यासारखा ऐकू येतो. १९२८ मध्ये हॅरिएट कोहेन यांनी कोलंबियासाठीच पहिल्या नऊ जोड्या वाजवल्या. एक जोडी, मग नऊ जोड्या, आणि त्यानंतर एकदम ४८, असा हा प्रवास आहे. बाखचे संगीत सबंध मैफलभर ऐकवता येते हे इंग्लंडमध्ये हॅरल्ड सॅम्युएल यांनी १९२१ मध्येच लागोपाठ सहा दिवस केवळ बाख वाजवून दाखवून दिले होते. तरीही दोन्ही भाग तबकड्यांवर उतरवण्याचे धाडस तोवर कुणी केले नव्हते.

फिशर यांचा जन्म १८८६ मध्ये बाझल येथे झाला. तिथे हान्स हूबर यांच्याकडे आणि पुढे बर्लिनमध्ये मार्टिन क्राउझे यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. क्राउझे हे फ्रान्झ लिस्टचे शिष्य, तेव्हा गुरुपरंपरेने फिशर एकोणिसाव्या शतकाच्या भव्य पियानोवादनाचे वारसदार ठरतात. मात्र लहान वाद्यवृंद जमवून पियानोपाशी बसूनच त्याचे संचालन करायचे, बाख आणि मोझार्टचे कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) त्यांच्या काळी वाजत तसे वाजवायचे, हा उद्योगही त्यांनीच त्या काळात नेटाने केला. या दोन्ही गोष्टी त्यांच्या बाखमध्ये उतरल्या आहेत. आवाजाची श्रीमंती लिस्टच्या घराण्यातून आली आहे, आणि सहवादकांचे ऐकत ऐकत वाजवणाऱ्याचा कान वाद्यवृंदातून आला आहे. आल्फ्रेड ब्रेंडेल आणि पाउल बादुरा-श्कोडा हे त्यांच्याकडे शिकले, ही परंपरेची पुढची पिढी.

पियानोवरच्या बाखविषयी एक मूळ अडचण नेहमी सांगितली जाते आणि तिला बगल देऊन चालणार नाही. बाखने हे संगीत पियानोसाठी लिहिलेले नाही. पहिल्या भागाच्या हस्तलिखितावर १७२२ हे साल आहे आणि दुसरा भाग १७४० च्या सुमारास सिद्ध झाला. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या आसपास पियानो घडवला होता, आणि १७४७ मध्ये पॉट्सडॅमच्या राजवाड्यात बाखने झिल्बरमानच्या घडणीचे पियानो स्वतः वाजवलेही होते. परंतु त्याच्या घरातली नित्याची वाद्ये म्हणजे हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाते, त्यामुळे बोट हलके टाका की जोराने, आवाज जवळपास तेवढाच येतो. एखादी ओळ उठून दिसावी म्हणून वादकाला ती थोडी उशिरा सुरू करणे, स्वर तोडणे किंवा जोडून धरणे, असल्या उपायांवर भिस्त ठेवावी लागते. क्लॅव्हिकॉर्डमध्ये बोटाच्या वजनाने आवाज कमीजास्त करता येतो, पण एकूण आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीतही पोचू नये. पियानोकडे लहानमोठा आवाज आहे, स्वर धरून ठेवणारे पेडल आहे, आणि मोठे सभागृह भरून टाकण्याची ताकद आहे. मग बाख वाजवताना या सगळ्याचे करायचे काय, या एका प्रश्नावर विसाव्या शतकातल्या वादनशैली वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. ज्या वर्षी फिशर यांनी ॲबी रोडमध्ये काम सुरू केले, त्याच १९३३ साली नोव्हेंबरमध्ये पॅरिसला वांडा लांडोव्स्का यांनी बाखचेच ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ हार्पसिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केले, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवावी. हार्पसिकॉर्डचा पक्ष तेव्हाही जोरात होता. मात्र लांडोव्स्कांचे प्लेएल कंपनीचे वाद्य जड बांध्याचे, पेडलांचे आणि सोळा फुटी, म्हणजे एक सप्तक खाली बोलणाऱ्या तारांचा संच असलेले होते. ते बाखच्या घरातल्या वाद्यापेक्षा विसाव्या शतकाच्या कारखान्याला जवळचे होते, हेही तितकेच खरे आहे.

फिशर यांनी पियानोला हार्पसिकॉर्डचे सोंग घ्यायला लावलेले नाही. पहिल्या भागातले पहिलेच प्रेल्यूड, सी मेजरचे, यासाठी लक्ष देऊन ऐकावे. ३५ बारांची (बार म्हणजे तालाचे एक छोटे आवर्तन) ही रचना शेवट सोडला तर एकाच आकृतीवर उभी आहे: खालून वर जाणारे पाच स्वर, वरच्या तिघांची पुनरावृत्ती, आणि तेच पुन्हा एकदा. धून अशी कुठेच नाही. जे घडते ते स्वरमेळ, म्हणजे एकत्र येणाऱ्या स्वरांचे गट, बदलण्यातून घडते. फिशर इथे आवाज अगदी खाली ठेवतात, पेडलच्या आधाराने स्वर एकमेकांत विरघळू देतात, आणि तरीही बासचा, म्हणजे सर्वांत खालचा स्वर ज्या ज्या ठिकाणी बदलतो तिथे तो बदल आपल्याला कळल्यावाचून राहत नाही. याच प्रेल्यूडचे कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचे १९६० च्या दशकातले वादन त्यानंतर लावून पाहावे. गूल्ड आकृतीचे खालचे स्वर जोडतात आणि वरचे सुटे, टिचकी मारल्यासारखे वाजवतात. तिथे आकृतीची घडण दिसते, फिशर यांच्याकडे स्वरमेळांचा प्रवाह ऐकू येतो. दोन्ही वाचने बाखच्या लिखाणात बसतात, कारण बाखने लय, आवाज, स्वर जोडायचे की तोडायचे यांबद्दल या ग्रंथात जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही.

फिशर यांच्या शैलीचा खरा कस फ्यूगमध्ये लागतो. फ्यूग म्हणजे एकच छोटा विषय एकामागून एक आवाजांनी (इथे आवाज म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी सुरावट) घ्यायचा आणि प्रत्येकाने दुसऱ्याशी संवाद करत पुढे जायचे. सामान्य पियानोवादक विषय आला की तो ठोकून दाखवतो, जणू श्रोत्याला बोट दाखवून सांगावे की पाहा, इथे आला, आता इथे आला. फिशर हे करत नाहीत. पहिल्या भागातली सी शार्प मायनरची फ्यूग हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. ती पाच आवाजांची आहे आणि तिचा विषय जेमतेम पाच स्वरांचा, पहिला आणि शेवटचा स्वर एकच. फिशर तो इतक्या मंद आवाजात सुरू करतात की जुन्या तबकडीच्या खरखरीतून तो वर येताना क्षणभर कान टवकारावे लागतात. दुसरा आवाज येतो तेव्हा पहिला मागे सरत नाही, स्वतःचे म्हणणे चालू ठेवतो. तिसरा, चौथा, पाचवा येईपर्यंत एक एक थर चढत जातो. पुढे बाख धावत्या स्वरांचा दुसरा विषय आणतो, मग एकाच स्वरावर ठेका देणारा तिसरा, आणि अखेरीस हे सारे एकमेकांत गुंफले जातात. इथवर येता येता फिशर यांचा पियानो ऑर्गनसारखा भरून वाजू लागतो, आणि हा भरणा झाला कुठे हे मागे वळून सांगता येत नाही. आवाज कुठेही एकदम वाढलेला नसतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या कानाला ही बढत चटकन ओळखू येईल असे मला वाटते, कारण तिथेही रंग चढतो तो स्वराला स्वर जोडत, धीराने.

त्याच भागातले ई फ्लॅट मायनरचे प्रेल्यूड हे मला या संपूर्ण संचाचे शिखर वाटते. खाली ल्यूटवर छेडावेत तसे सावकाश पसरत जाणारे स्वरमेळ आहेत आणि वर एक अलंकारांनी भरलेली, अतिशय दुःखी ओळ आहे. फिशर ही ओळ माणसाच्या गळ्यातून निघाल्यासारखी वाजवतात. मोठ्या उडीनंतरचा स्वर ते थोडा उशिरा आणि हलका ठेवतात. जिथे दुसरा वादक जोर देईल तिथे ते माघार घेतात, आणि त्यामुळेच त्या स्वराकडे लक्ष जाते. पियानोचा स्वर एकदा वाजला की विझतच जातो, तो फुगवता येत नाही, ही या वाद्याची मर्यादा आहे; पुढचा स्वर आधीचा जिथे विझला त्या पातळीवर अलगद ठेवण्याचे कसब ज्याला साधते त्याच्याच हातून पियानो गातो. फिशर यांच्या डाव्या हाताकडेही इथे लक्ष द्यावे. खालचे स्वरमेळ सारख्या वजनाने कधीच येत नाहीत. वरच्या ओळीला श्वास घ्यायला जागा हवी असते तिथे ते पाऊलभर थांबतात.

बी मायनरची शेवटची फ्यूग हीही आवर्जून ऐकावी. तिच्या विषयात सप्तकातले बाराच्या बारा स्वर येतात, आणि ज्या मोजक्या जागी बाखने स्वतः लयीची सूचना लिहून ठेवली आहे त्यांतली ही एक: लार्गो, म्हणजे संथ. दोन दोन स्वर जोडून वाजवण्याच्या कमानीही त्याच्याच हातच्या आहेत. फिशर प्रत्येक जोडीतला दुसरा स्वर किंचित सोडून देतात, आणि विषय अक्षरशः उसासे टाकत चालतो. दुसऱ्या भागातली ई मेजरची फ्यूग याच्या उलट टोकाची, सगळी शांत आणि जुन्या चर्च-संगीताच्या ढंगाची. तिचा विषय बाखने योहान कास्पार फर्डिनांड फिशर या आपल्या पूर्वसूरीच्या ‘आरियाद्ने म्युझिका’ या संग्रहातून घेतलेला आहे. आडनाव तेच असले तरी आपल्या फिशर यांच्याशी त्याचा संबंध नाही. इथे चार आवाज चार गायकांसारखे एकमेकांना सांभाळून घेतात आणि पियानोत तारांवर हातोड्या आपटतात याचा विसर पडतो.

आता दोष. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही आणि ते थोडेथोडकेही नाहीत. द्रुत प्रेल्यूडमध्ये फिशर यांना घाई होते. पहिल्या भागातल्या डी मेजरसारख्या धावत्या रचनेत उत्साह इतका आहे की लय पुढे पुढे सरकत जाते आणि काही ठिकाणी स्वर एकमेकांवर आदळतात. चुकीचे स्वर आहेत, अर्धवट लागलेले स्वर आहेत, आणि काही ठिकाणी पेडलमुळे दोन ओळींमधली सीमारेषा पुसट होते. फ्यूगच्या शेवटी लय ओढून आवाज मोठा करण्याची त्यांची सवय एकोणिसाव्या शतकाची आहे. सलग दहा-बारा फ्यूग ऐकल्या की तीच तीच उतरण पुन्हा येते आहे असे जाणवते. मोठ्या रचना तबकडीच्या बाजूंत बसवायच्या होत्या, त्याचा ताणही काही ठिकाणी जाणवतो असा माझा समज आहे. दोन्ही भागांत तुलना करायची तर पहिला अधिक एकसंध आहे, आणि दुसऱ्यात काही पाने केवळ वाजवून पुढे गेल्यासारखी वाटतात. जो विद्यार्थी हातात स्वरलिपी घेऊन प्रत्येक आवाज तपासायला बसला आहे त्याला हा संच चिडवील. त्याच्यासाठी रोझलिन ट्युरेक आहेत.

ट्युरेक या शिकागोच्या, आणि बाख हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन्ही भाग पियानोवर ध्वनिमुद्रित केले. त्यांची लय अनेकदा फिशर यांच्या तुलनेत कितीतरी संथ, पेडल नावापुरते, आणि प्रत्येक आवाजाला स्वतःची वेगळी बोली: एक जोडून चालणारा, दुसरा तोडून, तिसरा मंद. चार आवाजांच्या फ्यूगमध्ये मधला आवाज नेमके काय करतो आहे हे पाहायचे असेल तर याहून चांगला मार्गदर्शक नाही. मला स्वतःला त्यांच्या वादनात काही वेळा अभ्यासिकेतली शिस्त जाचते, परंतु त्यांनी प्रत्येक अलंकारामागे, प्रत्येक तोडीमागे केलेला विचार इतका पक्का आहे की मतभेद असूनही त्यांच्याकडे परत जावे लागते. गूल्ड यांनी ज्या थोड्या पियानोवादकांचे ऋण मोकळेपणाने मानले, त्यांत ट्युरेक होत्या.

गूल्ड यांच्याविषयी इथे फार लिहीत नाही, कारण पियानोवरचा बाख आज बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो त्यांचाच. १९५५ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘गोल्डबर्ग’ सुमारे ३८ मिनिटांत संपते आणि १९८१ मधले तेच संगीत ५१ मिनिटे घेते. एवढ्या एका तुलनेवरूनही एकाच माणसाचा बाख किती बदलू शकतो हे दिसते. आपल्या वाचकांना आनंद वाटावा अशी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गूल्ड यांनी वाजवलेली दुसऱ्या भागातली सी मेजरची जोडी आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. अडचण एवढीच की गूल्ड यांच्या कोरड्या, सुट्या, लखलखीत स्वरांची सवय झालेल्या कानाला फिशर यांचे वादन सुरुवातीला धूसर वाटते. त्यासाठी मी सुचवीन ते असे: द्रुत रचना आधी ऐकू नयेत. ई फ्लॅट मायनर, बी फ्लॅट मायनर, सी शार्प मायनर अशा मंद प्रेल्यूडपासून सुरुवात करावी आणि कान त्या आवाजाला रुळला की मग बाकीच्यांकडे वळावे.

रशियन परंपरा हा वेगळाच प्रांत आहे. साम्युइल फाइनबर्ग यांनी १९११ मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडताना परीक्षेत हा ग्रंथ सादर केला होता, आणि तो संपूर्ण ध्वनिमुद्रित केला तो आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९५८ ते १९६१ मध्ये. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. फिशर यांच्या गायकीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे वादन माझ्या मते हेच आहे. मात्र फाइनबर्ग यांचा स्वभाव अधिक अंतर्मुख आणि अस्वस्थ आहे. मधल्या आवाजातली एखादी ओळ ते अशी उचलतात की परिचित फ्यूग अनोळखी वाटू लागते. स्व्यातोस्लाव रिख्टर यांचे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे वादन ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या क्लेसहाइम राजवाड्यात ध्वनिमुद्रित झाले. त्या दालनाचा घुमारा काहींना खटकतो, मलाही काही फ्यूगमध्ये तो जास्त वाटतो. परंतु संथ प्रेल्यूडमध्ये त्या घुमाऱ्यानेच एक अथांग शांतता आली आहे. लय धरून ठेवण्याची रिख्टर यांची ताकद फिशर यांच्याकडे नाही, आणि फिशर यांच्यातला मोकळा जिव्हाळा रिख्टर यांच्याकडे क्वचितच सापडतो.

‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’च्या बाहेरही या काळातली काही ध्वनिमुद्रणे संग्रही असलीच पाहिजेत अशी आहेत. दिनू लिपाट्टी यांनी १९५० च्या जुलैमध्ये जिनिव्हात वाजवलेली बाखची पहिली पार्टिटा (नृत्यरचनांची मालिका), बी फ्लॅट मेजरमधली, हे त्यांतले अग्रगण्य. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी ते गेले. आजारपणाची माहिती बाजूला ठेवून ऐकावे आणि तरीही हे वादन तसूभर कमी ठरत नाही, हीच त्याची थोरवी आहे. पेडलचा वापर फिशर यांच्याहून कितीतरी कमी, स्वर स्वच्छ, पण कोरडेपणाचा लवलेश नाही. शेवटच्या जीग या नृत्यरचनेत डावा हात उजव्यावरून सारखा ओलांडून जातो आणि वरखाली उडणाऱ्या स्वरांतून एक सलग ओळ तयार होते. लिपाट्टी ती ओळ एका दमात गाऊन दाखवतात. ज्यांना फिशर फार स्वप्नाळू आणि गूल्ड फार टोकदार वाटतात त्यांनी इथे यावे.

फ्रेंच बरोक संगीत, म्हणजे साधारण बाखच्या काळचे संगीत, पियानोवर वाजवणे याहून अवघड. कूपरँ आणि रामो यांच्या रचना बारीक अलंकारांनी खच्चून भरलेल्या असतात, आणि ते अलंकार हार्पसिकॉर्डच्या हलक्या पट्ट्यांवर जसे चटकन निघतात तसे पियानोच्या खोल, जड पट्ट्यांवर निघत नाहीत. थोडे वजन जास्त पडले की नक्षीच्या जागी गाठी दिसू लागतात. मार्सेल मेयर यांनी हे कोडे सोडवले. त्या रव्हेल आणि सती यांच्या वर्तुळात वावरलेल्या, म्हणजे आपल्या काळातले अगदी नवे संगीत वाजवणाऱ्या. आणि १९४० व १९५० च्या दशकांत ‘ले दिस्कोफिल फ्राँसे’ या कंपनीसाठी त्यांनी रामो, कूपरँ आणि बाखचा समकालीन इटालियन संगीतकार स्कार्लात्ती यांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. रामोचे ‘पक्ष्यांची साद’ हे छोटे चित्र त्यांच्या हातून ऐकावे. एका हाताने घातलेली शीळ दुसरा हात लगेच उचलतो, दोहोंत अंतर राखलेले असते, आणि पेडल जवळजवळ कुठे ऐकूच येत नाही. स्कार्लात्तीसाठी मात्र मी मेयर यांच्या जोडीला व्लादिमिर होरोविट्स यांची १९६४ ची तबकडीही ठेवतो. त्यांनी या सोनाटांचा अभ्यास करताना राल्फ कर्कपॅट्रिक यांचा सल्ला घेतला होता. कर्कपॅट्रिक म्हणजे स्कार्लात्तीच्या ५५५ सोनाटांना आज रूढ असलेले क्रमांक देणारे अभ्यासक आणि स्वतः हार्पसिकॉर्डवादक. तरीही होरोविट्स यांनी पियानोचा पियानोपणा सोडलेला नाही. गिटारची छेड, दूरवरच्या तुताऱ्या, पावलांचा ठेका, हे सगळे ते आवाजाच्या छटांतून उभे करतात.

विकत घेणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. फिशर यांचे मूळ ध्वनिमुद्रण एकच असले तरी त्यावरून केलेल्या प्रती अनेक आहेत, आणि त्यांतला फरक वादन आवडेल की नाही हे ठरवण्याइतका मोठा आहे. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या प्रतीत खरखर काढून टाकण्याच्या नादात पियानोचे वरचे स्वरच कापले गेले होते. ऐकायला गुळगुळीत, पण आवाज उशी ठेवून दाबल्यासारखा, आणि फिशर यांची सगळी नाजूक कारागिरी त्यातच गेलेली. म्हणून खरखर थोडी जास्त असलेली प्रत नेहमी पसंत करावी. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी मन लावून ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाच मिनिटांत कान खरखर बाजूला सारतो, कापलेला स्वर मात्र काही केल्या परत येत नाही. इंटरनेटवर ऐकणार असाल तर एकच रचना, समजा सी शार्प मायनरची फ्यूग, दोन-तीन ठिकाणी लावून पाहा, आणि पहिल्या पाच स्वरांमागे खोलीची हवा जिथे जाणवेल ती प्रत निवडा. तबकडीची बाजू जिथे बदलते तिथे काही प्रतींत आवाजाची पातळी हलते, तेही याच वेळी लक्षात येईल. सीडी घ्यायची झाली तर दोन्ही भाग एकदम घेण्याची गरज नाही. पहिला भाग घ्यावा, रोज एखादी-दुसरी जोडी ऐकावी, प्रेल्यूड आणि फ्यूग यांच्यामध्ये थोडे थांबावे. चोवीस जोड्या एका बैठकीत ऐकण्यासाठी बाखने हा ग्रंथ रचलेला नव्हता आणि फिशर यांनीही तो एका बैठकीत वाजवलेला नाही. पहिला भाग अंगवळणी पडला की दुसऱ्यातली ई मेजर आणि एफ मायनरची पाने आधी काढावीत. उरलेला भाग त्यानंतर घेतला तरी चालेल.